फिलिपाईन्स : युद्धाच्या आदल्या दिवशी काय होतं?

सोमवार, मनिला

इंत्रामुरोस म्हणजे मनिलाचं तटाच्या आतलं जुनं शहर. पासिग नदी खाडीला मिळते तिथे स्पॅनिश लोकांनी ते वसवलं आणि तीनशेहून जास्त वर्षं इथूनच कारभार केला. आज आत फिरताना जुनं म्हणून जे दिसतं त्यातलं पुष्कळसं नंतर उभारलेलं आहे. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानी आणि अमेरिकी फौजांच्या लढाईत हा सगळा भाग ढिगाऱ्यात गेला आणि त्या महिन्याभरात मनिलात सुमारे एक लाख नागरिक मेले. सान अगुस्तिन हे १६०७ साली पुरं झालेलं चर्च तेवढं वाचलं.

मी इथे आले ती मात्र १८९८ साल पाहायला. शाळेत इतिहास शिकवताना हे युद्ध आम्ही दोन ओळींत संपवायचो: स्पेन हरलं, अमेरिकेने फिलिपाईन्स घेतलं. त्या दोन ओळींच्या मध्ये एक अख्खं प्रजासत्ताक उभं राहिलं आणि मारलं गेलं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. माझा भाचा इथे वैद्यकीय शिकतो. महाराष्ट्रातली बरीच मुलं हल्ली त्यासाठी फिलिपाईन्सला येतात. तो म्हणाला, "मावशी, सुट्टी आहे, येतेस तर ये, मी फिरवतो." आले.

सान अगुस्तिन चर्चच्या आतल्या खोलीत, जिथे पाद्री पूजेचे झगे ठेवतात, तिथे १८९८च्या ऑगस्टमध्ये मनिलाच्या शरणागतीच्या अटी तयार झाल्या. त्याआधीची हकीकत अशी. क्युबावरून अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटलं होतं. त्या वर्षी १ मे रोजी अमेरिकेच्या कमोडोर ड्यूईने मनिलाच्या खाडीत स्पॅनिश आरमार एका सकाळीत बुडवलं. पण जमिनीवर उतरवायला त्याच्याकडे सैन्य नव्हतं. मग स्पेनविरुद्ध लढलेल्या फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता, हाँगकाँगला हद्दपारीत असलेला एमिलिओ आगिनाल्दो, याला अमेरिकी जहाजावरून परत आणलं गेलं. १९ मे रोजी तो उतरला आणि महिन्याभरात त्याच्या माणसांनी शहराबाहेरचा मुलूख जिंकत मनिलाला वेढा घातला. तटाच्या आत स्पॅनिश, बाहेर चर खणून बसलेले फिलिपिनो. अमेरिकी पलटणी त्यानंतर जहाजांतून येत राहिल्या आणि त्यांनी फिलिपिनोंना चर मोकळे करून द्यायला सांगितले.

१३ ऑगस्टला जी लढाई झाली ती आधी ठरवून केलेली होती. बेल्जियमच्या वकिलामार्फत दोन्ही सेनापतींचं बोलणं झालं होतं: थोड्या तोफा डागायच्या, स्पेनची अब्रू राखायची, मग पांढरं निशाण. एकच गोष्ट दोघांनी कसोशीने पाळायची होती. फिलिपिनो सैनिक शहरात येता कामा नयेत. अडीच महिने ज्यांनी वेढा धरला त्यांना बाहेर अडवून शहर ताब्यात घेतलं गेलं. त्याच्या आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्याही झाल्या होत्या, पण समुद्राखालची तार ड्यूईनेच मे महिन्यात तोडून ठेवलेली असल्याने ती बातमी मनिलाला पोहोचायला आणखी तीन दिवस गेले.

तटाच्या आतल्याच फोर्ट सान्तियागोत, फिलिपाईन्सचा राष्ट्रवीर मानला जाणाऱ्या होसे रिझालच्या कोठडीपासून पितळी पाऊलखुणा जमिनीत बसवल्या आहेत. ३० डिसेंबर १८९६च्या सकाळी स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या, तिथवर तो ज्या वाटेने चालत गेला ती ही वाट. शाळेची मुलं त्या पावलांत पावलं टाकत चालली होती. पस्तिसाव्या वर्षी मारला गेलेला हा डोळ्यांचा डॉक्टर. भाचा बराच वेळ त्या खुणांशी थांबला.

तटावरून चालताना एक पाटी मनात राहिली. १७६२ साली इंग्रजांनी मनिला जिंकून दीडेक वर्ष ताब्यात ठेवलं होतं. ती फौज मद्रासहून आली होती आणि तिच्यात हिंदी शिपाई होते. त्यांतले काही परत गेलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइंता गावात राहिले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. समुद्रापलीकडच्या दुसऱ्याच्या राज्यासाठी लढायला आपली माणसं किती आधीपासून जात होती!

संध्याकाळी सांतो तोमास विद्यापीठावरून गेलो. स्थापना १६११ची. अमेरिकेचं हार्वर्ड १६३६चं. फिलिपिनोंना शिकवायचं, सुधारायचं आणि ख्रिस्ती करायचं म्हणून ही बेटं आपण ठेवून घेतली, असं अध्यक्ष मॅकिन्ली यांनी पाद्र्यांच्या एका शिष्टमंडळाला सांगितल्याचं नोंदलेलं आहे. त्या वेळी या देशातली बहुसंख्य माणसं तीनशे वर्षांपासून कॅथलिक होती आणि त्यांच्या राजधानीतलं विद्यापीठ अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठाहून जुनं होतं.

मंगळवार, कावित

मनिलाच्या दक्षिणेला, खाडीच्या कडेने, कविते प्रांतातलं हे गाव. रहदारी इतकी की अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. आगिनाल्दोचं घर आता स्मारक आहे. भरपूर लाकूडकाम, गुप्त दारं, मनोरा, मागे त्याची समाधी. १२ जून १८९८ रोजी इथल्या खिडकीतून स्वातंत्र्याची घोषणा वाचली गेली आणि झेंडा फडकवला गेला. दर्शनी गच्ची दिसते ती नंतरची.

इथे मी थांबले ती त्या घोषणेच्या मजकुरापाशी. त्यात लिहिलंय की हे स्वातंत्र्य बलाढ्य आणि मानवतावादी उत्तर अमेरिकन राष्ट्राच्या छत्राखाली जाहीर होत आहे. पुढे झेंड्याचं वर्णन आहे: लाल, पांढरा आणि निळा हे रंग अमेरिकेच्या झेंड्याची आठवण म्हणून, त्या देशाने दिलेल्या निःस्वार्थ संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून घेतले आहेत. हाँगकाँगमध्ये मार्सेला आगोन्सिल्यो, तिची लेक आणि रिझालची भाची यांनी शिवलेला तो झेंडा. आज देशभर सरकारी कचेरीवर फडकतो तो त्याच रंगांचा.

ज्यांच्याविरुद्ध आठ महिन्यांनी जीव द्यावे लागणार होते त्यांचे आभार या लोकांनी झेंड्यातच शिवून ठेवले होते. ड्यूईला त्या दिवसाचं निमंत्रण गेलं होतं. तो आला नाही.

आगिनाल्दोला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. आंद्रेस बोनिफासियो, ज्याने मुळात स्पेनविरुद्धच्या क्रांतीची संघटना उभी केली, त्याला मे १८९७मध्ये याच आगिनाल्दोच्या राजवटीत गोळ्या घातल्या गेल्या. आगिनाल्दोचा सर्वांत कर्तबगार सेनापती आंतोनियो लुना १८९९च्या जूनमध्ये काबानातुआनला आपल्याच माणसांकडून मारला गेला. नेतृत्व जमीनदारांच्या आणि शिकलेल्या श्रीमंतांच्या हातात होतं. दक्षिणेतले मुस्लिम सुलतान या राज्यात मनाने कधी नव्हतेच. हे सगळं खरं आहे आणि अमेरिकेच्या बाजूने बोलणारे तेव्हाही हेच सांगत होते. पण अमेरिकेचं स्वतःचं स्वातंत्र्य गुलाम बाळगणाऱ्यांच्या सह्यांनी जाहीर झालं होतं, म्हणून कुणी ते परत घ्यायला आलं नाही.

दुपारी रस्त्याकडेला भात आणि मुंगो, म्हणजे आपल्या मुगाची पातळ उसळ, खाल्ली. शाकाहारी माणसाने इथे आधी विचारून घ्यावं, त्यातही बहुधा सुकट किंवा डुकराचा तुकडा असतो.

बुधवार, सांता मेसा आणि मालोलोस

सांता मेसा ही मनिलाची गजबजलेली वस्ती. तिथे सिलेन्सियो आणि सोसिएगो या दोन लहान रस्त्यांच्या कोपऱ्यावर इतिहास आयोगाची पाटी आहे. आजूबाजूला दुकानं, विजेच्या तारांची जाळी, तिचाकी रिक्षा. ४ फेब्रुवारी १८९९च्या रात्री इथे नेब्रास्काच्या पलटणीतला शिपाई विल्यम ग्रेसन याने गस्तीवर असताना समोर आलेल्या फिलिपिनोंवर गोळी झाडली. ती पाटी पूर्वी सान हुआनच्या पुलावर होती. संशोधनानंतर जागा चुकल्याचं लक्षात आलं आणि २००३ साली ती इथे हलवली.

एका शिपायाच्या गोळीने युद्ध सुरू झालं असं म्हणणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी आगिनाल्दोने निरोप पाठवला की गोळीबार त्याच्या हुकमाने झालेला नाही, तो थांबवून मध्ये मोकळा पट्टा ठेवावा. अमेरिकी सेनापती जनरल ओटिसचं उत्तर होतं की लढाई सुरू झाली आहे, ती आता शेवटापर्यंत गेली पाहिजे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, अमेरिकी सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. लागत होती त्यापेक्षा एकच मत जास्त. त्या तहाने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन बेटं विकत घेतली होती, तीही अशा वेळी की स्पेनचा ताबा मनिलाच्या बाहेर फारसा कुठे उरला नव्हता. तहाच्या बोलण्यात फिलिपिनो प्रतिनिधीला बसू दिलं नव्हतं. त्याच महिन्यात एक इंग्रजी कविता छापून आली, जिच्यात अमेरिकेला सांगितलं होतं की या बेटांचा भार उचलणं हे गोऱ्या माणसाचं कर्तव्य आहे. ती लिहिणारा कवी रुडयार्ड किपलिंग मुंबईत, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. जे. जे.त शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

त्याच भागात पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या आवारात आपोलिनारियो माबिनीचं घर आणून ठेवलं आहे. नीपा या ताडाच्या पानांनी शाकारलेलं साधं घर. माबिनीचे दोन्ही पाय लुळे होते, त्याला खुर्चीतून उचलून न्यावं लागे, आणि तोच प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान. अमेरिकेच्या निष्ठेची शपथ घ्यायला तो तयार नव्हता म्हणून १९०१ साली त्याला ग्वामला हद्दपार केलं. १९०३च्या फेब्रुवारीत परतला आणि मे महिन्यात कॉलऱ्याने गेला. आयुष्याची ३८ वर्षं. या प्रवासात सगळ्यांत जास्त माझ्या मनात भरला तो हा माणूस.

तिथून उत्तरेला मालोलोस. बारासोआइन चर्च फार मोठं नाही, पण बाहेर आलं की माणूस मागे वळून पाहतो. इथे १८९८च्या सप्टेंबरात प्रतिनिधी जमले, इथेच घटना लिहिली गेली आणि २३ जानेवारी १८९९ रोजी प्रजासत्ताकाचा उद्घाटन सोहळा झाला. त्या घटनेत धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याचं कलम एका मताच्या फरकाने मंजूर झालं. सार्वजनिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत असेल असं कलम २३ सांगतं. ऑक्टोबर १८९८मध्ये, म्हणजे घटना पुरी होण्याआधीच, या सरकारने स्वतःचं विद्यापीठ काढलं होतं.

आणि याला परकी साक्षीदारही आहेत. १८९८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विल्कॉक्स आणि सार्जंट हे अमेरिकी आरमाराचे दोन जण ड्यूईच्या परवानगीने लुझोनच्या, म्हणजे मनिला ज्यावर आहे त्या बेटाच्या, उत्तर भागात हिंडले. होडीतून, घोड्यावरून, पायी. गावोगावच्या फिलिपिनो अधिकाऱ्यांनी त्यांना उतरवून घेतलं, त्यांच्यासाठी नाचगाण्याचे आणि नाटकांचे कार्यक्रम केले आणि प्रत्येक ठिकाणी एकच सांगितलं: आम्हाला आमचं राज्य हवं आहे. परत आल्यावर त्यांनी अहवाल लिहिला की त्या मुलखात नव्या सरकारचा कारभार सुरळीत चालू आहे. ड्यूईने तो शिफारस करून वॉशिंग्टनला पाठवला. स्वतः ड्यूईनेही जूनमध्ये कळवलं होतं की ही माणसं स्वराज्य चालवायला क्युबातल्या लोकांपेक्षा जास्त लायक आहेत. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. माहिती होती आणि तरीही डिसेंबरमध्ये मॅकिन्लींनी सगळ्या बेटांवर अमेरिकेची सत्ता जाहीर केली.

चर्चच्या बाकावर बसून भाच्याला मी हेच म्हटलं की हे युद्ध योग्य होतं की नाही ते नंतर झालेल्या शाळा-रस्त्यांवरून ठरवू नको. युद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, इथे काय होतं ते बघ. काँग्रेस होती, घटना होती, कर गोळा होत होता, टपाल चालत होतं. जिंकणाऱ्याने नंतर केलेल्या कामांचा हिशेब कितीही चोख असला तरी तो त्याने स्वतःच मांडलेला असतो. आदल्या दिवशी काय होतं ते मात्र त्याला बदलता येत नाही.

"आणि जर्मन आले असते तर?" त्याने विचारलं. वाजवी प्रश्न आहे. १८९८च्या उन्हाळ्यात मनिलाच्या खाडीत जर्मन आरमार येऊन थांबलंच होतं. जपानचाही डोळा होता. पण दुसरा चोर दारात आहे म्हणून पहिल्याने घर ताब्यात घ्यावं हे मला पटत नाही, आणि माबिनी-आगिनाल्दो संरक्षणाच्या करारावर बोलायला तयार होते. त्यांना ताबा नको होता, छत्र चाललं असतं. कावितच्या घोषणेत तो शब्दच आहे.

गुरुवार, ताक्लोबान

विमानाने लेयते बेटावर. २०१३च्या ८ नोव्हेंबरच्या वादळाने हे शहर उद्ध्वस्त केलं होतं. टॅक्सीवाल्याने पाणी कुठवर आलं ते हात उंच करून दाखवलं.

जवळच्या पालोला किनाऱ्यावर जनरल मॅकआर्थर आणि त्याच्या सोबत्यांचे पाण्यातून चालत येणारे मोठे पुतळे आहेत. २० ऑक्टोबर १९४४ला तो जपान्यांना हटवायला इथे उतरला. लोक हौसेने फोटो काढत होते. अमेरिकेबद्दल इथे खरीखुरी माया आहे आणि ती या दुसऱ्या युद्धातून आली आहे. जपानी अंमलाची तीन वर्षं इतकी क्रूर होती की त्यापुढे आधीचं सगळं पुसट झालं. याच मॅकआर्थरचा बाप आर्थर मॅकआर्थर १९०० साली मनिलात लष्करी गव्हर्नर होता आणि फिलिपिनो सैन्य मोडून काढण्याचं काम त्याच्याकडे होतं. पालोच्या किनाऱ्यावर बापाचा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

शुक्रवार, बालांगिगा

सान हुआनिको पुलावरून सामार बेटावर. पूल दोन किलोमीटरहून लांब, खाली हिरवी बेटं आणि जोरात वाहणारी खाडी. मग बासेई, माराबुत, लावाआन अशी किनाऱ्याची गावं. एका बाजूला समुद्रातून वर आलेले चुनखडीचे खडक, दुसऱ्या बाजूला माड. कोकणातून फिरलेल्या माणसाला हा रस्ता परका वाटत नाही.

बालांगिगा लहान गाव आहे. चर्चसमोर हल्ल्याचा क्षण दाखवणारं स्मारक. १९०१च्या ऑगस्टमध्ये नवव्या इन्फंट्रीची एक कंपनी, ७४ माणसं, इथे येऊन राहिली. कॅप्टन कॉनेलने गाव स्वच्छ करण्यासाठी पुरुषांना वेठीला धरलं, ऐंशीच्या आसपास माणसं दोन तंबूंत कोंडून ठेवली. साठवलेला भात जप्त केला गेला. २८ सप्टेंबरच्या सकाळी, शिपाई न्याहारीला बसले असताना, गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर याने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली, चर्चची घंटा वाजली आणि कोयते घेऊन गाव तुटून पडलं. काही पुरुष बायकांच्या वेषात चर्चमध्ये आधीच येऊन बसले होते. ७४पैकी ४८ अमेरिकी मेले. जेवणाच्या टेबलावर, हातात शस्त्र नसताना, कोयत्याने. ते मरण भयंकर होतं आणि त्यांतली बरीच मुलं विशी-पंचविशीची होती. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगू नये.

पुढचं असं. जनरल जेकब स्मिथने मेजर वॉलरला सांगितलं की कैदी नकोत, मारा आणि जाळा, सामारचं रान करून टाका. वॉलरने वयाची मर्यादा विचारली. उत्तर मिळालं: दहा वर्षं. म्हणजे दहा वर्षांवरचा, शस्त्र उचलू शकेल असा प्रत्येक जण. हा संवाद कुणा फिलिपिनो देशभक्ताने रचलेला नाही, तो अमेरिकी लष्करी न्यायालयात, अमेरिकी साक्षीदारांच्या तोंडून बाहेर आला. वॉलरने स्वतः हा हुकूम अक्षरशः पाळायला नकार दिला असं दिसतं. पण गावं जाळली गेली, धान्य नष्ट केलं गेलं, आणि जंगलातल्या फसलेल्या मोहिमेनंतर त्याने ११ फिलिपिनो हमालांना खटल्याविना गोळ्या घालायला लावल्या. तो निर्दोष सुटला. स्मिथला १९०२ साली समज देऊन निवृत्त केलं. शिक्षा तेवढीच.

गावाच्या तीन घंटा अमेरिकी सैन्य घेऊन गेलं. दोन वायोमिंगमधल्या हवाई तळावर लागल्या, तिसरी त्या पलटणीसोबत शेवटी दक्षिण कोरियात गेली. फिलिपाईन्सने वर्षानुवर्षं मागितल्या. वायोमिंगचे माजी सैनिक विरोध करत राहिले, कारण त्यांच्या दृष्टीने त्या मेलेल्या शिपायांचं स्मारक होत्या. ११ डिसेंबर २०१८ रोजी घंटा मनिलाला आल्या आणि १५ तारखेला गावात. ११७ वर्षं. चर्चमधल्या एका आजींनी आम्हाला तो दिवस सांगितला: सगळं गाव रस्त्यावर होतं, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांवर बसवून आणलं होतं. "आमच्या घंटा," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. भाच्याला थोडी विसाया भाषा येते, त्यामुळे बोलणं झालं.

परतीच्या गाडीत आम्ही डेव्हिड फेगनबद्दल बोललो. चोविसाव्या इन्फंट्रीतला हा काळा अमेरिकी शिपाई. ज्या देशात त्याच्या जातभाईंना जमाव झाडाला लटकवत होते, त्या देशासाठी सावळ्या माणसांवर गोळ्या झाडायच्या, हे त्याला जमलं नाही. १८९९च्या नोव्हेंबरात तो फिलिपिनोंना जाऊन मिळाला आणि त्यांच्याकडून कॅप्टन म्हणून लढला. त्याच्या डोक्यावर ६०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. आणि उलट बाजूला माकाबेबे गावचे फिलिपिनो शिपाई, ज्यांना क्रांतिकारक म्हणून सजवून जनरल फन्स्टनने पालानानला नेलं आणि २३ मार्च १९०१ रोजी आगिनाल्दोला पकडलं.

शनिवार, मनिला

भाच्याच्या खोलीवर त्याचे मित्र जमले. दोघं मराठवाड्यातले, एक केरळचा, दोघी फिलिपिना मुली. खिचडी मी केली. बोलणं युद्धावर आलं, मी काढायच्या आधीच.

"मावशी, खरं सांगू? इथे इंग्रजी नसतं तर आम्ही आलोच नसतो," भाचा म्हणाला. "आणि इंग्रजी अमेरिकेने आणलं."

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. १९०१च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक आले. लढाई चालू असलेल्या देशात, अनोळखी गावांत जाऊन राहिले. काही रोगाने मेले, काही मारले गेले. मी आयुष्यभर मास्तरकी केली आहे, त्या माणसांबद्दल मला आदरच आहे. सार्वजनिक आरोग्य, न्यायालयं, पुढे निवडून आलेली विधानसभा, हेही झालं. जमलेल्या दोघींपैकी एकीचे आजोबा अमेरिकी आरमारात स्वयंपाकी होते, त्यांच्या पेन्शनवर तिच्या आईचं शिक्षण झालं. ती शांतपणे म्हणाली की तिच्या घरात अमेरिकेला वाईट म्हणत नाहीत.

मी इतकंच विचारलं की शिक्षक आणायला सव्वा लाख सैनिक का लागले? त्याआधीच्या काही दशकांत जपानने युरोप-अमेरिकेतून शेकडो शिक्षक, इंजिनियर, डॉक्टर पगार देऊन बोलावले होते. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाने परके सल्लागार ठेवले होते. दोन्ही देशांचा झेंडा जागेवर राहिला. मालोलोसच्या सरकारनेही बोलावले असते. त्यांच्या घटनेत शाळा आधीच लिहिलेली होती.

मराठवाड्यातला एक मुलगा म्हणाला, "पण काकू, ते सगळं जर-तर झालं." बरोबर आहे. झालेलं मात्र जर-तर नाही: अमेरिकेचे ४,२०० हून अधिक सैनिक गेले, फिलिपिनो लढवय्ये वीस हजारांहून अधिक, आणि हिंसा, उपासमार व रोगराई यांत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं. अमेरिकी सरकारचे स्वतःचे इतिहासकार हे आकडे देतात.

रविवार, लिपा

बातांगास प्रांतातलं लिपा हे एके काळी कॉफीवर श्रीमंत झालेलं गाव. अजूनही इथली बाराको कॉफी कडक असते. आम्ही इथे आलो ते मिगेल माल्वारच्या मुलखात म्हणून. आगिनाल्दो पकडला गेल्यावरही हा सेनापती वर्षभर लढत राहिला.

त्याला हरवण्यासाठी जनरल फ्रँकलिन बेलने १९०१च्या डिसेंबरात हुकूम काढले: ठरावीक गावांभोवती हद्द आखायची, सगळ्या लोकांनी आपलं धान्य, गुरं घेऊन २५ डिसेंबरपर्यंत आत यायचं. बाहेर राहिलेलं धान्य जप्त किंवा नष्ट, बाहेर दिसलेला माणूस शत्रू. दाटीवाटीत, अपुऱ्या अन्नावर माणसं राहिली. जनावरांच्या रोगाने म्हशी आधीच मेल्या होत्या, नांगर चालेना. मलेरिया झाला, वसंतात कॉलरा आला. १६ एप्रिल १९०२ला माल्वार शरण आला. ४ जुलैला अध्यक्ष रूझवेल्टनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं.

आता हे शेजारी ठेवून बघा. १८९६-९७ साली क्युबात स्पॅनिश सेनापती वेय्लर याने नेमकं हेच केलं होतं, खेडुतांना तटबंद गावांत कोंडलं होतं. त्यावरून अमेरिकेत संतापाची लाट उठली. मॅकिन्लींनी डिसेंबर १८९७च्या संदेशात काँग्रेसला सांगितलं की ही सुसंस्कृत लढाई नव्हे, हा संहार आहे. त्याच संतापावर स्वार होऊन अमेरिका स्पेनशी युद्धाला उभी राहिली. चार वर्षांनी तेच लिपात, तिच्याच हुकमाने.

अमेरिकेत हे दिसलेली माणसं होती. बोस्टनला १८९८च्या जूनमध्येच साम्राज्यविरोधी लीग निघाली. उद्योगपती कार्नेगी, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, माजी मंत्री कार्ल शुर्झ तिच्यात होते. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होर तर मॅकिन्लींच्याच पक्षाचे, पण तहाविरुद्ध उभे राहिले. पाणी पाजून छळ करण्याच्या प्रकारावर १९०२ साली सिनेटच्या समितीपुढे परतलेल्या सैनिकांनी साक्षी दिल्या. त्यामुळे तो काळच तसा होता, सगळेच तसे वागत, असं म्हणून सुटता येत नाही. त्याच काळातल्या माणसांनी, त्याच भाषेत, हे चूक आहे असं सांगितलं होतं.

बसस्टँडवर कॉफी पिताना भाच्याने शेवटचा प्रश्न टाकला. "ठीक आहे मावशी. पण मग त्यांनी करायचं काय होतं? ड्यूईने आरमार बुडवलं, स्पेन गेलं. आता बेटं कुणाला द्यायची?"

मी त्याला सांगितलं की जे क्युबाबाबत केलं तेच करायचं होतं. एप्रिल १८९८मध्ये युद्धाचा ठराव करतानाच काँग्रेसने टेलर दुरुस्तीत लिहून दिलं होतं की क्युबा आम्ही घेणार नाही. ते वचनही पुढे अर्धंमुर्धंच पाळलं गेलं, पण निदान क्युबा खालसा झाला नाही. फिलिपाईन्ससाठी तसंच वचन द्यावं असा ठराव जॉर्जियाचे सिनेटर बेकन यांनी मांडला होता: स्थिर सरकार उभं राहिलं की बेटं तिथल्या लोकांच्या हवाली करायची. १४ फेब्रुवारी १८९९ला, लढाई सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर, सिनेटमध्ये त्यावर मतदान झालं. २९ बाजूने, २९ विरुद्ध. उपाध्यक्ष होबार्ट अध्यक्षस्थानी होते. त्यांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि ठराव पडला.

भाच्याने फोन काढून ती तारीख तिथेच शोधली आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकली. मराठवाड्यातल्या मुलाचं उत्तर मनिलाची बस यायच्या आत आलं: "काकूंना सांग, हे जर-तर नाही, हे मी मानतो. पण सत्तावन्न मतंवाल्यांपैकी किती जण दहा दिवसांत बदलले ते पण शोधायला सांग." मी यादी शोधते आहे.